घोटभर पाण्याचा आरोप

देवणी तालुक्यातल्या कुठल्याही गावात अंगावरून वारं गेलेला म्हातारा माणूस दवाखान्यातून घरी आला की भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. कुणी केळी आणतं, कुणी पेढे आणतं. त्यातलंच कुणीतरी ओसरीवर टेकून घरच्या सुनेला म्हणतं, "अगं, घोटभर पाणी तरी पाज की म्हाताऱ्याला. ओठ बघ कसे सुकलेत." सून सांगते, पातळ पाणी द्यायचं नाही, मामांना ठसका लागतो, डॉक्टरांनीच सांगितलंय. पाहुणे उठून जातात आणि गावात बोलणं सुरू होतं: सून सासऱ्याला पाण्यावाचून ठेवते.

या बोलण्याचा प्रतिवाद करायला मी लिहितो आहे. गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला भरवणं हे शिकून घ्यायचं काम आहे. ते शिकवणं दवाखान्याचं कर्तव्य आहे. ते न शिकवता घरच्या बाईला एकीकडे निष्काळजी आणि दुसरीकडे निष्ठूर ठरवणं हा अन्याय आहे.

मराठवाड्यात हा आरोप फार खोल लागतो, त्याला कारण आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावं लागलं होतं. टँकरमागे घागरी घेऊन रांगा लावलेल्या या मुलखात दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात आणि तहानेल्याला पाणी नाकारणं पाप समजतात. हा संस्कार मला मोलाचा वाटतो. म्हणूनच तो चुकीच्या माणसावर उगारला गेलेला पाहवत नाही.

आधी घशात काय घडतं ते पाहू. अन्न आणि हवा यांची वाट घशापर्यंत एकच असते. तिथे ती दुभंगते, पुढे श्वासनलिका आणि मागे अन्ननलिका. घोट मागे सरकला की श्वास क्षणभर थांबतो, कंठमणी वर उचलला जातो, स्वरतंतू मिटतात, जिभेच्या मुळाशी असलेली झडप श्वासनलिकेच्या तोंडावर झुकते आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. घशातला हा सगळा कारभार साधारण एका सेकंदात उरकतो. पक्षाघाताने मेंदूला इजा झाली की यातलं एखादं काम उशिरा होतं किंवा अर्धवट होतं. पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही दिवसांत निम्म्याच्या आसपास रुग्णांना गिळण्याचा त्रास असतो. पुष्कळांचा तो काही आठवड्यांत कमी होतो. पार्किन्सन, स्मृतिभ्रंश, तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावरची शस्त्रक्रिया आणि रेडिएशन यांनंतरही हाच त्रास होतो. तंबाखू आणि गुटख्यामुळे कर्करोगाचे असे रुग्ण आपल्याकडे कमी नाहीत.

अशा घशाला सगळ्यात अवघड जातं ते पाणी, कारण ते सगळ्यात वेगाने वाहतं. तोंडात त्याचा गोळा होत नाही, जीभ त्याला थोपवू शकत नाही, आणि श्वासनलिका मिटायच्या आत ते खाली उतरतं. बरोबर तोंडातले जंतूही फुप्फुसात जातात. मग ताप येतो, छाती भरते, आणि घरचे म्हणतात, गार वारं लागलं. पातळ पाणी देताना हात आखडता घेणारी सून त्या म्हाताऱ्याचं फुप्फुस राखत असते.

पाण्याचं एवढं तरी डॉक्टर सांगतात. जेवणाचं कुणी सांगत नाही. आजारी माणसाला काय द्यायचं याचं आपल्याकडचं ठरलेलं उत्तर म्हणजे वाटीभर कोमट दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी. जिच्या नावाने गायीची जात ओळखली जाते त्या देवणीत दूध नको म्हणणं लोकांना पटणारही नाही. दुधाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती दूध आणि भाकरीचे तुकडे एकाच घासात देण्याला. त्या घासात पातळ आणि घट्ट अशा दोन गोष्टी असतात. तुकडे चावले जाईपर्यंत दूध सुटं होऊन पुढे पळतं. घसा अजून तयार नसतो. आमटी वेगळी आणि भात वेगळा राहिलेला वरण-भात, साबुदाण्याची पातळ खीर, चहात बुडवलेलं बिस्कीट यांचंही तेच. मऊ म्हणजे सोपं अशी आपली समजूत आहे. दुबळ्या घशाला एकजीव लागतं. तीच भाकरी दुधात भिजवून, घोटून, गाळून एकसारखी केली की तोच पदार्थ पुष्कळ सुरक्षित होतो. चिकट पेढा, कोरडे पोहे, शेंगदाणे, फुटाणे हे तर पाहुण्यांनी प्रसाद म्हणूनही तोंडात घालू नयेत.

जे हात चुकतात ते प्रेमाने चुकतात, हे मला मान्य आहे. म्हणूनच स्पष्ट सांगायला हवं. तांब्या उंच धरून वरून धार सोडायची आपली रीत धडधाकट माणसाला चालते. इथे मान मागे गेली की श्वासनलिकेची वाट मोकळी होते. बाळासाठी असलेलं बोंडलं किंवा चोचीचा कप म्हाताऱ्याला लावला तरी मान मागे जाते आणि पाणी थेट घशात पडतं. ठसका लागला की "वर बघ, वर बघ" म्हणत आपण टाळूवर थापट्या मारतो आणि लगेच पाणी पाजतो. या तिन्ही गोष्टी अशा रुग्णाच्या बाबतीत करायच्या नाहीत. त्याला पुढे झुकू द्यावं, खोकू द्यावं, खोकला पुरता थांबेपर्यंत काहीही देऊ नये. खोकताही येत नाही, आवाज फुटत नाही, चेहरा काळानिळा पडतोय, असं दिसलं तर मात्र वाट पाहायची नाही. मदतीला हाका मारायच्या, माणसाला पुढे वाकवून पाठीवर दोन फऱ्यांच्या मधोमध तळहाताने जोरात पाच तडाखे द्यायचे. तेवढ्याने सुटलं नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मुठीने आत आणि वर असे पाच दाब द्यायचे. घास सुटेपर्यंत हे दोन्ही आलटून पालटून करत राहायचं.

आता पहिला आक्षेप. लोक म्हणतात, वय झालं की ठसका लागायचाच, एवढं काय मनावर घ्यायचं. वयाने गिळणं थोडं मंदावतं हे खरं. पण रोजच्या जेवणात ठसका लागणं हे लक्षण आहे आणि त्याला कारण असतं. त्याहून घातक उलटी समजूत आहे, ती म्हणजे ठसका थांबला, म्हणजे सुधारणा झाली. घशाची संवेदनाच गेली असेल तर पाणी श्वासनलिकेत उतरलं तरी खोकला येत नाही. बाहेरून सगळं शांत दिसतं. अशा वेळी पाहायच्या खुणा वेगळ्या असतात. घोटानंतर आवाज ओला, घुरघुरता येतो का? डोळ्यांत पाणी येतं का? जेवताना श्वास चढतो का? गालात घास साठून राहतो का? वारंवार ताप येतो का, वजन उतरतंय का? घोटानंतर म्हाताऱ्याला "आ" म्हणायला लावून आवाज ऐकणारी सून जितकं जाणते, तितकं दारातून बघून सल्ला देणारा पाहुणा जाणत नाही.

दुसरा आक्षेप जरा भावनेचा आहे. आमच्या आज्यांनी कुठे शिक्षण घेतलं होतं, त्यांनी काय माणसं सांभाळली नाहीत? सांभाळली. आणि अशी किती माणसं "छाती भरून" गेली, त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. ज्यांनी हिशेब ठेवला त्यांचं ऐकावं. अमेरिकेत सुझन लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 189 वृद्धांचा चार वर्षांपर्यंत पाठपुरावा करून 1998 मध्ये निष्कर्ष मांडले. अन्न फुप्फुसात जाऊन होणारा न्यूमोनिया कुणाला होतो हे ते शोधत होते. गिळण्याचा दोष महत्त्वाचा होता, पण तो एकटा पुरेसा नव्हता. भरवण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून असणं, तोंडाच्या स्वच्छतेसाठी दुसऱ्यावर अवलंबून असणं आणि किडलेले दात ही कारणं ठळकपणे पुढे आली.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. आजार मेंदूत असतो, पण न्यूमोनिया होणार की नाही याचा मोठा भाग भरवणाऱ्या हातावर आणि तोंडाच्या स्वच्छतेवर ठरतो. त्या हाताला वेळ मिळतो का? तो घाईने दुसरा चमचा पुढे करतो का? पहिला घास उतरल्याची खात्री तो करतो का? आणि रात्री झोपताना दात, जीभ, गालाच्या आतली बाजू पुसली जाते का? आपल्या कितीतरी आज्या मिश्री लावतात. पक्षाघात झालेल्या बाईच्या गालात मिश्री आणि अन्नाचे कण तसेच राहतात आणि रात्रभर लाळेबरोबर खाली झिरपतात. मऊ ब्रशने दोन वेळा तोंड साफ करणं हे औषधाच्या तोडीचं काम आहे. ते कुणाच्याही डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं दिसत नाही.

इथे आरोप करणाऱ्यांच्या बाजूचं एक खरं मला मांडलंच पाहिजे. पाणी तोडून भागत नाही. 2008 मध्ये अमेरिकेत पार्किन्सन आणि स्मृतिभ्रंशाच्या 515 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना दाट केलेले द्रव दिले, काहींना हनुवटी छातीकडे घेऊन साधे पातळ द्रव दिले. तीन महिन्यांत दोन्ही गटांच्या न्यूमोनियात ठळक फरक पडला नाही, पण दाट द्रव घेणाऱ्यांमध्ये शरीरातलं पाणी कमी होण्याचा त्रास जास्त दिसला. दाट पाणी माणसाला आवडत नाही, तो कमी पितो. म्हणजे ओठ सुकलेत हे पाहुण्याचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. चुकीचा होता तो त्यावरचा उपाय, आणि चुकीचं होतं ते दोषी ठरवलेलं माणूस.

दोष आहे तो त्या अर्ध्या वाक्याचा. "पातळ काही देऊ नका" एवढं म्हणून डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळतात. मग काय द्यायचं, किती दाट, कसं बसवून, कधीपर्यंत, पुन्हा कुणाला दाखवायचं, हे कोण सांगणार? काही घरांत हा मनाई हुकूम महिनोन्‌महिने तसाच चालतो, कारण तो उठवायला कुणी बोलावलेलंच नसतं. पुष्कळांचं गिळणं दरम्यान सुधारलेलं असतं. तरी तो माणूस पाण्यासाठी झुरत राहतो आणि सून बोलणी खात राहते. याची जबाबदारी मी दवाखान्यावर टाकतो.

दाट म्हणजे किती, हे सांगणं अवघडही नाही. जगभर वापरल्या जाणाऱ्या आयडीडीएसआय या मोजपट्टीत शून्य ते सात अशा पायऱ्या आहेत. द्रव मोजायला 10 मिलीची सिरिंज पुरते. मात्र तिच्यावरच्या शून्य ते दहा या खुणांमधलं अंतर 61.5 मिलिमीटर हवं. सुई न लावता तोंडावर बोट धरून ती दहापर्यंत भरायची, बोट काढायचं, दहा सेकंदांनी पुन्हा लावायचं आणि किती उरलं ते पाहायचं. एक मिलीपेक्षा कमी उरलं तर ते पाण्यासारखंच पातळ. एक ते चार उरलं तर किंचित दाट, चार ते आठ उरलं तर थोडं दाट, आठच्या वर उरलं तर बऱ्यापैकी दाट. कोणती पायरी आपल्या माणसाला चालेल हे मात्र तपासणाऱ्यानेच ठरवायचं. एकदा ते ठरलं की ज्वारीची आंबील, गाळलेली पेज, घोटलेलं वरण यांतलं बरंच काही घरच्या घरी त्या मापात बसवता येतं. महागड्या डब्यांवाचून अडत नाही. फक्त एक ध्यानात ठेवायचं. पिठाने आणलेला दाटपणा लाळेने मोडतो. उष्टा चमचा पुन्हा पुन्हा वाटीत बुडवला की आंबील पातळ होत जाते. म्हणून थोडी थोडी वेगळ्या वाटीत काढून घ्यावी. तीच आंबील गार होताना घट्टही होते, तेव्हा मोजायची ती देण्याच्या वेळी.

बसवण्याचंही तसंच. झोळ पडलेल्या बाजेवर माणूस कधीच ताठ बसत नाही, कंबर खचते आणि मान मागे जाते. खुर्चीत बसवून, पाठीशी आणि लुळ्या बाजूला वाकळीची घडी लावून, पाय जमिनीला टेकवले की अर्धं काम होतं. भरवणाऱ्याने समोर, त्याच्याच उंचीवर बसायचं. उभं राहून भरवलं की तो वर बघतो. छोटा चमचा वापरायचा, घास चांगल्या बाजूच्या गालात द्यायचा, कंठमणी वर जाऊन खाली आलेला पाहायचा, मगच दुसरा. झोपेत किंवा गुंगीत असलेल्याला काहीच द्यायचं नाही. जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. गोळ्या कुटून देण्याआधी विचारायचं, कारण हळूहळू विरघळण्यासाठी केलेल्या गोळ्या कुटल्या की सगळं औषध एकदम अंगात जातं.

एका जेवणाला अर्धा-पाऊण तास लागतो. दिवसातून तीनदा. सोयाबीनच्या काढणीत तो वेळ कुठून येतो? ज्या घरात भांडी, जनावरं, शेत आणि पोरं एकाच बाईच्या अंगावर आहेत तिथे घास घाईनेच भरवला जाणार आणि घाईचा घास चुकीच्या नळीत जाणार. पुण्याहून फोन करून "बाबा जेवले का?" विचारणाऱ्या मुलाला माझं सांगणं आहे की जेवायला किती वेळ लागला आणि त्या वेळात बाकीचं काम कुणी केलं, हेही विचारावं.

या घाईवर उपाय म्हणून नाकातली नळी पुढे केली जाते. एकदा नळी टाकली की ठसक्याची कटकट नाही. पक्षाघाताच्या पहिल्या काही आठवड्यांत नळीने पोषण मिळणं गरजेचं असू शकतं, त्याला माझा विरोध नाही. पण नळी असली तरी लाळ गिळावीच लागते, आणि पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. नळी न्यूमोनिया टळण्याची हमी देत नाही. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात तर अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीने 2014 मध्ये स्पष्ट म्हटलं की नळीने भरवू नये, हाताने जपून भरवावं. म्हणजे तिथेही पुन्हा तो शिकलेला हातच लागतो.

उरला तो देवणीत सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप. हे सगळं शहरातलं, इथे गिळण्याचा तज्ज्ञ कुठून आणायचा? तालुक्याच्या गावी तो मिळत नाही, हे खरं. मोठ्या तपासणीला लातूर, सोलापूर नाहीतर हैदराबाद गाठावं लागतं. पण तज्ज्ञ नाही म्हणून काहीच नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये पक्षाघाताच्या 19 विभागांत एक चाचणी झाली, ती 2011 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. काही विभागांतल्या परिचारिकांना ताप, रक्तातली साखर आणि गिळणं या तीन गोष्टी ठरवून पाहायला शिकवलं. 90 दिवसांनी त्या विभागांतल्या रुग्णांपैकी 42 टक्के मृत किंवा परावलंबी होते, तर बाकीच्या विभागांत 58 टक्के. हे यश एकट्या गिळण्याच्या तपासणीचं नाही, तीन गोष्टींचं मिळून आहे. पण ते परिचारिकांनी मिळवलेलं आहे आणि परिचारिका आपल्याकडेही आहेत.

इतक्या दूर जायचं नसेल तर गडचिरोली पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाचे श्वास मोजायला आणि न्यूमोनिया ओळखायला शिकवलं, आणि तिथला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालं. 2011 पासून सरकारने ती पद्धत देशभरच्या आशाताईंच्या हाती दिली. त्याच 'सर्च'मधून डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी 86 गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास 2015 मध्ये मांडला. तिथे पक्षाघात हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं, साधारण दर सात मृत्यूंत एक, आणि त्यातले बहुतेक मृत्यू घरीच झाले होते. म्हणजे खेड्यातल्या पक्षाघाताच्या रुग्णाचे शेवटचे घास घरच्याच हातून पडतात. जी आशाताई बाळाचा श्वास मोजते ती म्हाताऱ्याचा घोट पाहू शकते. 2018 मध्ये उपकेंद्रांच्या कामात वृद्धांची आणि दुखणाईतांची सेवा कागदोपत्री घातली गेली आहे. त्या कागदात गिळण्याची ओळ नसेल तर ती घालायला लावणं हा गावाचा हक्क आहे. सुनेला बोलण्यात जाणारी ताकद ग्रामसभेत तिथे लावावी.

शेवटच्या पाण्याबद्दल मात्र मी हळुवारपणे बोलेन. जाणाऱ्याच्या मुखात पाणी घालावं, ही श्रद्धा मी मोडायला सांगत नाही. पण शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पळीभर पाणी ओतलं की ते श्वासात जातं आणि शेवटचे क्षण गुदमरण्याचे होतात. स्वच्छ कापसाचा बोळा पाण्यात भिजवून, पिळून, ओठांवरून आणि जिभेवरून फिरवावा. तहान भागते, श्रद्धाही राहते, आणि नातवंडांनाही ते करता येतं. आणि बरा न होणारा माणूस शुद्धीत असेल आणि धोका समजूनही त्याला चहाचा घोट हवा असेल, तर तो त्याला नाकारायचा की नाही हे त्याने, घरच्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून ठरवायचं आहे. शेजाऱ्यांनी नाही. कधीकधी तो घोट देणंच योग्य असतं. तेव्हाही कसा द्यायचा हे सुनेला ठाऊक असलं पाहिजे.

डॉक्टरांना वेळ नसतो, हे उत्तर मी कितीदा तरी ऐकलं आहे. वेळ वेगळा काढायला नकोच. रुग्ण वॉर्डात असतो तेव्हाही दिवसातून तीनदा जेवतो, आणि त्याला भरवायला घरचंच माणूस बसलेलं असतं. सुट्टी देण्याच्या आदल्या दिवशी त्यातलं एक जेवण परिचारिकेसमोर होऊ द्या. चमचा सुनेच्या हातात असू द्या. खुर्ची कशी लावायची, आंबील किती दाट, घास कुठल्या गालात, आवाज ओला आला तर काय, हे तिथेच दाखवा. मग डिस्चार्ज कार्डावर चार ओळी मराठीत लिहा: काय द्यायचं, काय नाही, कसं बसवायचं आणि कोणत्या तारखेला गिळणं पुन्हा तपासायला आणायचं. ते कार्ड सुनेने ओसरीवर बसलेल्या पाहुण्यांच्या हातात द्यावं आणि त्यांनी ते मोठ्याने वाचावं.